तीन वार म्हणताना

माझा आवाज गेला तेव्हा मी कांद्याच्या गोण्यांवर उभा होतो आणि समोर दहा-पंधरा व्यापारी मान वर करून माझ्याकडं बघत होते.

लिलावात पुकारा करायचं काम मी तरुणपणापासून करत आलोय. एका शेतकऱ्याचा जेवढा माल एका जागी लावलेला असतो त्याला आमच्याकडं वक्कल म्हणतात. एकेका वक्कलेपुढं उभं राहायचं, व्यापारी बोलतील तो भाव मोठ्यानं पुकारायचा, चढवत न्यायचा आणि पुढं कुणी बोलेनासं झालं की एक वार, दोन वार, तीन वार म्हणून सौदा संपवायचा. त्या सकाळी भाव चढवताना आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. एक वार म्हणालो. दोन वार म्हणालो. तीन म्हणायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली.

पाणी प्यालो, खाकरलो, पुढच्या वक्कलेवर गेलो. तिथंही तेच. शेवटी दुसऱ्या एकाला पुकाऱ्याला उभं केलं आणि मी घरी आलो. आमच्या गावात, डिंगोऱ्यात शिरताना रस्त्यात एका ओळखीच्यानं हात केला, त्याच्याशी मी चांगला मोठ्यानं बोललो. घरी बायकोला हाक मारली, तीही साफ निघाली. म्हटलं, गेलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी बाजारात पुन्हा गोण्यांवर चढलो आणि पुन्हा तिसऱ्या वाराला गळा बंद.

आता याच्यावर कोण विश्वास ठेवणार? माणूस घरी बोलतो, रस्त्यात बोलतो, चहाच्या टपरीवर बोलतो आणि नेमका कामाच्या शेवटच्या शब्दाला मुका होतो. बाजारात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, याला पुकारा नको झालाय, आता खुर्ची पाहिजे. मी जवळ गेलो की बोलणं थांबायचं. आमच्याकडं माल घेणारे एक व्यापारी आहेत, त्यांच्या आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. ते ज्येष्ठमध आणि खडीसाखर घेऊन घरी आले. म्हणाले, आवाज सुधारेपर्यंत काट्यावर बसा, वजनं बघा. ते गेल्यावर मी बायकोला म्हणालो की काट्यावर बसतो, पण हा माणूस मला बाजूला सारून आपलं कुणीतरी तिथं उभं करणार. माझी जागा कुणाला देऊ नका असं त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

संशय माझ्या हाडात आहे. गोणीच्या तोंडाशी मोठा कांदा लावून तळाला बारीक गोलटी भरलेली मी लांबून ओळखतो. जो माणूस फार गोड बोलतो त्याची गोणी मी आधी ओतून बघतो. त्यामुळं या आजारात मी पहिल्यांदा कशावर संशय घेतला असेल तर तो लोकांवर. कुणीतरी चहातून काही दिलं असावं असं मला खरंच वाटत होतं. बायकोनं उतारा टाकला, तोही मी टाकू दिला.

नारायणगावात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. स्वरतंतू चांगले आहेत म्हणाले, आणि जरा घुटमळून म्हणाले की हे मनाकडून असू शकतं. तिथून पुण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेलो. तरुण मनुष्य, शांतपणे बोलणारा. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि समजावलं की मनाचा एक भाग असा असतो जो आपला आपल्यालाच दिसत नाही, त्याला अबोध मन म्हणतात. त्या भागाला काहीतरी बोलायचं नसेल तर तो आवाज अडवून धरतो.

मी घरी येताना गाडीत तेवढ्यावरच विचार करत होतो. जे मला माहीत नाही ते माझं मन कसं? माझ्या घरात एखादी खोली आहे, तिची किल्ली माझ्याकडं नाही, आत कोण राहतं ते मला ठाऊक नाही, आणि तरी म्हणायचं की घर माझंच आहे. शिवाय ज्या गोष्टीचा पुरावाच दाखवता येत नाही ती कुणालाही लागू करता येते. मला तो सगळा प्रकार देवऋष्याच्या बोलण्यासारखाच वाटला, फक्त भाषा पुण्याची. गोळ्या मात्र घेत राहिलो, कारण मुलीनं तसं वचन घेतलं होतं.

मुलीनंच मंचरच्या मॅडमचं नाव काढलं. या मॅडम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या, मुलगी त्यांची विद्यार्थिनी. निवृत्त झाल्यावर त्यांनी तत्त्वज्ञानाच्या अंगानं समुपदेशन करण्याचं शिक्षण घेतलं होतं आणि आता घरीच लोकांशी बोलायच्या. मी मुलीला विचारलं, म्हणजे प्रवचन का? ती म्हणाली, उलट, त्या स्वतः फार कमी बोलतात. मला ते अधिकच खटकलं. न बोलता पैसे घेणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तरी गेलो. मोटारसायकलवर नारायणगाव, पुढं कळंबवरून मंचर. बसस्टँडच्या मागच्या आळीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. दोन वेताच्या खुर्च्या, एक टेबल, खिडकीत कोरफड. देवाचा फोटो नाही, प्रमाणपत्राची चौकट नाही. मी खोलीभर नजर फिरवली ती त्यांनी पाहिली असावी, कारण त्यांनी पहिल्यांदा हेच सांगितलं की त्या डॉक्टर नाहीत, गोळ्या बंद करायला कधी सांगणार नाहीत आणि आवाज परत येईल असं कबूलही करणार नाहीत.

मी त्यांना अबोध मनाबद्दल विचारलं. मला वाटलं होतं त्या डॉक्टरांची री ओढतील.

त्या म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात म्हणून ते आहे, असं मी मानत नाही. आणि तुम्ही नाही म्हणता म्हणून नाही, असंही नाही. आपण बघू.”

हे उत्तर मला आवडलं आणि आवडलं म्हणून लगेच शंका आली. पुढच्या वेळेपासून मी शर्टाच्या खिशात मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बसू लागलो. उद्या या बाईनं काही भलतंच माझ्या नावावर खपवलं तर आपल्या हाती पुरावा असावा, एवढाच हेतू. त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यांची रीत अशी की मी एखादं वाक्य बोललो की त्या तेच उचलून विचारायच्या. मी म्हणालो, बाजारातली माणसं माझ्यावर जळतात. त्यांनी विचारलं की हे तुम्हाला माहीत आहे की वाटतं. मी म्हणालो, माहीत आहे. कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी कारणं सांगू लागलो आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की त्यातलं एकही कारण मी दुसऱ्या कुणाकडून चालवून घेतलं नसतं. कुणी जळत नाही याची खात्री पटायला काय घडावं लागेल, असंही त्यांनी विचारलं.  घरी येताना वाटभर मी स्वतःवर चिडलो होतो, त्यांच्यावरही.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी मला पुकारा कसा करतात ते अगदी सुरुवातीपासून सांगायला लावलं. माझा आवडीचा विषय. मी बराच वेळ बोललो. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या आई कधी गेल्या?”

मी उठलोच. आईविषयी मी त्या खोलीत एक शब्द काढला नव्हता. मुद्दाम काढला नव्हता, कारण आई जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि ते प्रकरण माझ्या मनातून मिटलेलं होतं. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच, आत्ता. मी म्हणालो, खोटं आहे. त्यांनी वाद घातला नाही. मी चपला घातल्या आणि खाली आलो.

माझा हिशोब सरळ होता. मुलीनं किंवा बायकोनं आधीच सगळं सांगून ठेवलं असणार, आणि बाई आता अंतर्ज्ञानाचा आव आणतेय. मी खालीच उभं राहून बायकोला फोन लावला आणि नको ते बोललो. ती सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, “मी त्या बाईंना कधी बघितलंबी न्हाई.” आणि फोन ठेवला. मुलीनंही शपथेवर नाही म्हणून सांगितलं.

कळंबच्या जरा पुढं रस्त्याच्या कडेला एक रसवंती आहे. तिथं गाडी लावली, रस सांगितला आणि खिशातला मोबाईल काढून कानाला लावला. बाई खोटं बोलली हे आता सिद्धच होणार होतं. माझाच आवाज ऐकू येत होता, मोठा, उत्साहाचा. वक्कल म्हणजे काय, व्यापारी कसे बोटं हलवतात, भाव अडला की काय करायचं. मग मी सांगत होतो की कुणी पुढं बोलेना म्हटल्यावर ताणून उपयोग नसतो, शेतकऱ्याच्या तोंडाकडं एकदा बघायचं आणि पुढचं वाक्य असं होतं, “मंग आईला तीन वार म्हनायचं आन् मोकळं व्हायचं.”

मी ते परत ऐकलं. मालाला म्हणायचं होतं, आईला म्हणालो होतो. स्पष्ट. अडखळलोही नव्हतो. पुढं मी गोण्या उचलण्याबद्दल बोलत सुटलो होतो, जसं काही झालंच नाही.

आजकाल मोबाईलवर कुणाचाही आवाज बनवतात हे मला माहीत होतं आणि तेवढ्यापुरतं तेही मनात येऊन गेलं. पण मोबाईल माझा होता, खिसा माझा होता, आणि तिथं तो मी लावला आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. संशय घ्यायला दुसरा माणूस उरलाच नाही. रसवाल्यानं ग्लास आणून ठेवला, तो तसाच ठेवून मी निघालो.

आईचं असं झालं होतं. तिला मेंदूत रक्तस्राव झाला आणि पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आठवडाभर ती यंत्राच्या श्वासावर होती. डॉक्टर चांगले होते, काही लपवलं नाही. आता सुधारणा होणार नाही, तुम्ही घरचे बसून ठरवा म्हणाले. घरचे म्हणजे मीच. वडील आधीच गेलेले, बहीण तेव्हा सासरी बोरीला अडकलेली, तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिच्याशी फोनवर बोलणं व्हायचं, पण ठरवायचं मलाच होतं. एका दुपारी मी डॉक्टरांना म्हणालो, घरी नेतो. आईला गाव बघायची इच्छा असणार असं मी सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंही असेल. यंत्र काढलं, हातानं दाबायच्या पिशवीतून श्वास देत अँब्युलन्समधून आणलं. घरी पोचल्यावर अंगणात उन्हं होती तोवर ती होती. आवाज अडायला लागला तो त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी. मधल्या काळात मी रोज पुकारा करत होतो, रोज शेकडो वेळा तीन वार म्हणत होतो. मग आताच का? डॉक्टरांच्या त्या अबोध मनाला एवढा उशीर का झाला, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी मंचरला गेलो. आधी खिशातला मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि किती दिवस काय चाललं होतं ते सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. पुढंही चालू ठेवायचं तर ठेवा, फक्त टेबलावर राहू द्या म्हणाल्या.

मी विचारलं, म्हणजे डॉक्टर बरोबर होते तर.

त्या म्हणाल्या, “असतील. एक शब्द चुकला, एवढं आपल्याकडं आहे. त्यावरून तुमच्या आत अपराधाची भावना दडली आहे असं मी म्हणू शकेन. पण मग तुम्ही नाही म्हणालात तर मी म्हणेन, बघा, दडवताय. अशा बोलण्यात मी कधीच हरणार नाही. म्हणून मला ते नको वाटतं.”

आतापर्यंत मला भेटलेल्या माणसांत स्वतःच्या बोलण्यावर संशय घेणारं हे पहिलंच माणूस होतं. मी बसलो. मग त्यांनी आईचा निर्णय हा एक प्रश्न म्हणून माझ्यापुढं मांडला. तुम्ही केलं ते बरोबर होतं का? मी म्हणालो, हो. त्यांनी विचारलं, आज कुणी शेजारी याच जागी असता तर त्याला काय सांगितलं असतं? मी म्हणालो, घरी घेऊन जा असंच सांगितलं असतं. मग अडचण कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अडचण मला नाही, बहिणीला आहे. ती मला दोष देते. त्या दिवसापासून ती माझ्याशी मोजकं बोलते, राखीला येते आणि चहा घेऊन निघते.

त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला माहीत आहे की वाटतं?”

या वेळी मी म्हणालो, तिलाच विचारून बघतो.

चार दिवसांनी बोरी बुद्रुकला गेलो. बहीण द्राक्षबागेच्या कडेला शेडमध्ये मजुरांना चहा ओतत होती. मला बघून तिच्या कपाळाला आठी पडली, कारण मी सणावाराशिवाय कधी जात नाही. घरात कोण आजारी आहे का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. मजूर चहा घेऊन बागेत गेल्यावर मी ओट्यावर बसलो आणि सरळ विचारलं की आईला घरी आणलं याचा तुझ्या मनात राग आहे का.

ती किटली विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, “हाय की.”

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मला माहीतच होतं, वाटत नव्हतं. मॅडमना जाऊन सांगायला मी मनात वाक्यही जुळवलं. तेवढ्यात ती वळली.

“दादा, पहिल्याच दिशी आनायला पायजे व्हतं तिला. डाक्टरनी पहिल्या दिशीच सांगितलं व्हतं, मी फोनवर ऐकलंय. आठ दिवस नळ्या घालून ठिवली. लोकं काय म्हनतील म्हनून तू ठिवली.”

  दोन वर्षं मी धरून चाललो होतो की ती मला म्हणते तू घाई केलीस. ती म्हणत होती की मी उशीर केला. राग होता हे मी बरोबर ओळखलं होतं आणि कशाचा होता ते सपशेल चुकलो होतो. मी तिला सांगितलं की मी लोकांसाठी थांबलो नव्हतो, मला वाटत होतं आई डोळे उघडेल. एकदा तिनं बोट हलवलं होतं, त्यावर मी तीन-चार दिवस काढले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण नर्स म्हणाली होती की तशी बोटं आपोआप हलतात.

बहिणीला बोटाचं माहीत नव्हतं. तिनं किटली खाली ठेवली. कुठल्या हाताचं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, डाव्या. मग ती शेजारी येऊन बसली आणि बराच वेळ आम्ही दोघं आईच्या त्या हाताविषयी बोललो. भाजी निवडताना आई तो कसा वापरायची, उजव्या खांद्याचं दुखणं सुरू झाल्यापासून सगळं डाव्यानंच कसं करायची. बहीण रडली. मी रडलो नाही. मी निघताना ती म्हणाली की राग अजून आहे, तो एका दिवसात जात नसतो. मी म्हणालो, राहू दे.

हे सांगताना इथं आलो की माणसं विचारतात, मग दुसऱ्या दिवशी आवाज आला का? नाही आला. मी मोठ्या आशेनं गोण्यांवर चढलो आणि तिसऱ्या वाराला पुन्हा हवाच आली. मी काट्यावर जाऊन बसलो. मंचरला जाऊन सांगितलं तर मॅडमनी त्याचा काही अर्थ लावला नाही, त्यामुळं मी जरा निराश झालो. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळी थोडी बदलली. बहिणीचा मात्र दर दोन-तीन दिवसांनी फोन येऊ लागला. कधी आईवरून आमचं वाजायचं, कधी द्राक्षाच्या भावावर बोलणं जायचं.

आवाज परत आला तो जवळपास दोन महिन्यांनी. पुकारा करणारा माणूस लग्नाला गेला होता आणि गोलटीची एक वक्कल राहिली होती. त्या जैन व्यापाऱ्यांनी काट्याकडं बघून म्हटलं, “भाऊ, एवढी उरकून टाका.” मी दोन वार म्हणालो आणि पुढचा शब्द त्याच्या मागोमाग निघून गेला. माझ्या लक्षात आलं तेव्हा माल विकला गेला होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हमाल गोण्या उचलायला लागले.

हे कशानं झालं, मला ठाऊक नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात गोळ्या आणि बोलणं दोन्हींमुळं. बायको अजून उताऱ्याचं नाव घेते. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या की त्यांच्यामुळं झालं असं म्हणायला त्यांच्याकडं काही आधार नाही. मला या तिघांपैकी एकाचंही पूर्ण पटत नाही. माझ्या आत अशी खोली आहे जिथून माझ्या नकळत शब्द बाहेर पडतात, एवढं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिथं आणखी काय आहे ते मी खोदायला जात नाही, पण बोलताना आता स्वतःच्याही शब्दाकडं जरा कान देतो.

महिन्यातून एकदा मी मंचरला जातो. आजार नाही, तक्रार नाही. बायको परवा म्हणाली, “आवाज तर आलाय. मग आता काय बोलता तिथं एवढं?” मी म्हणालो, विशेष काही नाही. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की तिला ते पटलेलं नाही हे मला कळलं. पुढच्या खेपेला चल म्हणून मी तिला म्हणालो आहे. ती येते म्हणाली.